रक्त, मौन आणि भय : 'कार्मिला' व 'ड्रॅक्युला' या व्हँपायरकथांतील स्त्री, लैंगिकता आणि जाणण्याचा अधिकार

प्रस्तावना

इंग्रजी भयसाहित्याच्या परंपरेत व्हँपायर ही प्रतिमा दीर्घकाळ टिकून राहिलेली आणि सतत नवी रूपे घेणारी प्रतिमा आहे. रात्री थडग्यातून उठणारे, जिवंत माणसाच्या रक्तावर जगणारे आणि आपल्या भक्ष्याला आपल्यासारखेच करून सोडणारे हे मृत शरीर पूर्व युरोपातील लोकसमजुतींमधून पश्चिम युरोपच्या साहित्यात आले. जॉन पॉलिडोरी यांच्या 'द व्हँपायर' (१८१९) या कथेने त्याला इंग्रजी गद्यात उमरावाचे रूप दिले. पुढे आयरिश लेखक शेरिडन ल फॅनू यांच्या 'कार्मिला' (१८७१-७२) या दीर्घकथेत ते एका तरुण स्त्रीच्या रूपात अवतरले आणि दुसरे आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीने त्याला जगभर पोहोचवले.

या कथांतील भयाचा लैंगिकतेशी संबंध आहे, हे आता नव्याने सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. शयनगृह, रात्र, मान, ओठ, रक्त आणि अर्धवट शुद्धी या घटकांतून तो संबंध वाचकाच्या सहज लक्षात येतो. प्रश्न आहे तो त्या संबंधाच्या स्वरूपाचा. व्हँपायर म्हणजे दडपलेली कामवासना, हे सूत्र महाविद्यालयीन अध्यापनात इतके रूढ झाले आहे की त्यापुढचा विचार बहुधा थांबतो. या सूत्राने बरेच काही उलगडते. पण त्यात इच्छा आणि बळजबरी यांतील सीमारेषा पुसली जाते, ही त्याची मोठी मर्यादा होय. प्रस्तुत लेखात 'कार्मिला' आणि 'ड्रॅक्युला' या दोन संहितांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या कथांतील भयाचे केंद्र केवळ स्त्रीची लैंगिकता नसून स्त्रीच्या शरीराविषयी कोणाला काय ठाऊक असावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न आहे. या कथांतील बहुतेक स्त्रिया दातांना बळी पडण्याआधी मौनाला बळी पडतात.

संज्ञेविषयी थोडेसे

मराठीत 'व्हँपायर' या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. 'रक्तपिपासू पिशाच्च' हा वर्णनात्मक शब्द वापरला जातो. रिचर्ड बर्टन यांनी वेताळकथांच्या आधारे रचलेल्या आपल्या १८७० मधील इंग्रजी पुस्तकाला 'विक्रम अँड द व्हँपायर' असे नाव दिले आणि वेताळ म्हणजे व्हँपायर हे समीकरण इंग्रजी वाचकांत रूढ केले. हे समीकरण फारसे टिकणारे नाही. वेताळ प्रेतात वास करतो. परंतु वेताळपंचविशीतील वेताळ राजाचे रक्त पीत नाही, तो त्याला कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ हा गावाचा राखणदार म्हणून पुजला जातो. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते ही आपल्याकडील समजूत व्हँपायरकथेला तुलनेने जवळची आहे; कारण तिच्यातही कुटुंबव्यवस्थेच्या चौकटीतून निसटलेल्या स्त्रीदेहाचे भय आहे.

तरीही वेताळकथेशी होणारी तुलना एका बाबतीत उपयोगी पडते. वेताळकथेत राजाने मौन पाळणे ही यशाची अट असते आणि वेताळ त्याला बोलावयास भाग पाडतो. व्हँपायरकथेत नेमके उलट घडते. तेथे मौन पाळले जाते आणि म्हणूनच संकट घरात शिरते.

रूढ समीक्षेची दिशा आणि मर्यादा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'ड्रॅक्युला'कडे गंभीर साहित्यकृती म्हणून फारसे पाहिले गेले नाही. मनोविश्लेषणाच्या प्रभावातून हे चित्र पालटले. अर्नेस्ट जोन्स यांनी 'ऑन द नाइटमेअर' (१९३१) या ग्रंथात व्हँपायरविषयक समजुतींचा संबंध दडपलेल्या लैंगिक इच्छांशी आणि अपराधभावाशी जोडला. फिलिस रॉथ यांनी १९७७ मधील निबंधात 'ड्रॅक्युला'मधील एकाएकी कामुक होणाऱ्या स्त्रियांविषयीचे भय मातेविषयीच्या सुप्त वैरभावापर्यंत नेऊन भिडवले. कॅरल सेन्फ यांनी १९८२ मध्ये ही कादंबरी त्या काळातील 'नव्या स्त्री'ला स्टोकर यांनी दिलेला प्रतिसाद म्हणून वाचली. ख्रिस्तोफर क्राफ्ट यांच्या १९८४ मधील निबंधाने पुरुषापुरुषांतील आकर्षण स्त्रीदेहाच्या आडून कसे व्यक्त होते, याकडे लक्ष वेधले. नीना आउअरबाख यांनी 'अवर व्हँपायर्स, अवरसेल्व्हज' (१९९५) या ग्रंथात प्रत्येक काळ आपल्याला हवा तो व्हँपायर घडवतो, असा व्यापक विचार मांडला.

या समीक्षेचे ऋण मोठे आहे. मात्र तिच्या सुलभीकरणातून दोन परस्परविरोधी वाचने रूढ झाली. पहिल्या वाचनानुसार व्हँपायर हे पाप असून खुंटा हा त्यावरील न्याय्य उपाय ठरतो. दुसऱ्या वाचनानुसार व्हँपायर ही मुक्ती असून त्याचा दंश म्हणजे स्त्रीच्या कोंडलेल्या इच्छेला मिळालेली वाट होय. पहिल्या वाचनात स्त्रीच्या इच्छेला स्थान नाही. दुसऱ्यात तिच्या नकाराला स्थान नाही. झोपेत किंवा गुंगीत असलेल्या स्त्रीवर झालेला हल्ला जर मुक्ती मानला, तर संमती या संकल्पनेला अर्थच उरत नाही. म्हणून संहितांकडे पुन्हा वळून कोणत्या प्रसंगी कोणाला काय ठाऊक होते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

पूर्वपीठिका : शपथेची किंमत

१८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीत लॉर्ड बायरन, शेली, मेरी शेली आणि बायरनचे डॉक्टर पॉलिडोरी यांनी भुताच्या गोष्टी रचण्याचे ठरवले, ही हकिकत सर्वपरिचित आहे. त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि 'द व्हँपायर' या दोन कृती जन्मल्या. पॉलिडोरींची कथा प्रथम बायरनच्या नावावर प्रसिद्ध झाली.

या कथेतील लॉर्ड रुथवेन हा लंडनच्या प्रतिष्ठित समाजात वावरणारा थंड नजरेचा उमराव आहे. ग्रीसमध्ये आयँथी नावाची तरुणी ऑब्री या इंग्रज युवकाला रक्तपिपासू मृतांविषयी बजावते. सुशिक्षित ऑब्री तिच्या बोलण्याला हसतो. पुढे ती स्वतःच बळी पडते. मरणोन्मुख रुथवेन ऑब्रीकडून एक वर्ष आणि एक दिवस मौन पाळण्याची शपथ घेतो. तोच रुथवेन लंडनमध्ये जिवंत दिसतो, ऑब्रीच्या बहिणीशी त्याचा विवाह ठरतो आणि सभ्य गृहस्थाने दिलेल्या वचनात अडकलेला भाऊ बोलू शकत नाही. मुदत संपल्यावर तो सारे सांगतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

येथे पुढील परंपरेचा साचा तयार झाला. स्त्रीने दिलेल्या इशाऱ्याची अंधश्रद्धा म्हणून वासलात लागते आणि पुरुषांमधील शब्दाची प्रतिष्ठा स्त्रीच्या प्राणांपेक्षा मोठी ठरते. रुथवेनचे खरे शस्त्र दात नसून सभ्य समाजाचा संकेत आहे.

'कार्मिला' : स्वप्न ठरवलेले सत्य

'कार्मिला' ही कथा 'द डार्क ब्लू' या नियतकालिकात १८७१-७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८७२ मध्ये 'इन अ ग्लास डार्कली' या संग्रहात समाविष्ट झाली. म्हणजे ती 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षे आधीची आहे. ऑस्ट्रियातील स्टिरिया प्रांतातील एका एकाकी गढीत वडिलांबरोबर राहणारी एकोणीस वर्षांची लॉरा ही तिची निवेदक आहे. आई बालपणीच गेलेली, समवयस्क सोबत नाही. अशा घरात अपघाताच्या निमित्ताने कार्मिला नावाची सुंदर तरुणी पाहुणी म्हणून येते. दोघींत उत्कट जवळीक निर्माण होते. कार्मिलाचे बोलणे आणि स्पर्श प्रियकराचे आहेत हे लॉराला जाणवते. तिला ओढही वाटते आणि किळसही. हा मुलीच्या वेषात आलेला एखादा मुलगा तर नसेल, अशी शंकाही तिच्या मनात येऊन जाते. स्त्रीने स्त्रीविषयी बाळगलेल्या इच्छेला तिच्या जगात नाव नाही; म्हणून ती तिला परिचित प्रेमकथेच्या चौकटीत बसवू पाहते.

ही संदिग्धता हे 'कार्मिला'चे मोठे वाङ्मयीन यश आहे. लॉराची ओढ खोटी नाही आणि तिला होणारा अपायही खोटा नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. स्त्रीसमलैंगिक इच्छेला पिशाच्चरूप देणारी म्हणून ही कथा प्रतिगामी ठरवता येईल. तिला शब्दरूप देणारी आरंभीची कथा म्हणून तिचा गौरवही करता येईल. परंतु या दोन निवाड्यांपलीकडे कथेत एक सातत्याने येणारा धागा आहे. तो म्हणजे लॉरापासून लपवले जाणारे सत्य.

लॉरा सहा वर्षांची असताना रात्री तिच्या बिछान्यात एक अनोळखी तरुणी येते आणि छातीत सुया टोचल्यासारखी वेदना होऊन मूल किंचाळते. घरातील स्त्रिया बिछान्यावर हात ठेवून पाहतात. तेथे कोणीतरी झोपल्याची ऊब त्यांना लागते. हे त्या आपसांत कुजबुजतात. वडील मात्र हसून, पाठ थोपटून, ते केवळ स्वप्न होते असे मुलीला समजावतात. पुढे कार्मिलाची 'आई' मुलीला गढीत ठेवून जाताना कुलाविषयी काही विचारू नये अशी अट घालते आणि वडील सौजन्यापोटी ती मान्य करतात. पॉलिडोरींच्या कथेतील शपथ येथे आतिथ्याच्या रूपाने परतते. लॉरा क्षीण होऊ लागल्यावर डॉक्टर येतात, तिच्या गळ्याखालील निळसर खूण पाहतात आणि वडिलांना बाजूला घेऊन बोलतात. लॉरा विचारते तेव्हा वडील तिला सारे काही नंतर कळेल, एवढेच सांगतात. ज्या शरीरावर खूण आहे त्या शरीराच्या मालकिणीला तिचा अर्थ सांगितला जात नाही.

कथेच्या अखेरीस कळते की कार्मिला म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची सरदारकन्या मिर्काला कार्नस्टाइन. तिचे थडगे इतकी वर्षे सापडले नाही, कारण तिच्यावर प्रेम करणाऱ्या एका पुरुषाने ते जाणीवपूर्वक लपवले होते. म्हणजे प्रत्येक नव्या बळीमागे एका पुरुषाच्या खाजगी भावनेपोटी पाळलेले गुपित आहे. कार्मिलाचा वध होतो तेव्हा लॉरा तेथे नसते. खुंटा ठोकणे, शिरच्छेद आणि दहन यांचा वृत्तान्त ती शासकीय आयोगाच्या अहवालावरून देते. कथेतील सर्वांत निकटचे नाते शेवटी सह्याशिक्क्यांच्या कागदात बंद होते.

तरीही अहवालाला अखेरचा शब्द मिळत नाही. वर्षांनंतरही लॉराला कार्मिला आठवते ती कधी खेळकर मुलगी म्हणून, तर कधी विद्रूप पिशाच्च म्हणून. आणि दिवाणखान्याच्या दाराशी तिची पावले वाजल्याचा भास होतो. या भासात भय किती आणि वाट पाहणे किती, हे ल फॅनू सांगत नाहीत. हे न सांगणे आधीच्या मौनाहून वेगळे आहे. ते लॉराच्या अनुभवाला कोणत्याही एका निदानात कोंडू देत नाही.

'ड्रॅक्युला' : लूसीवरील उपचार

'ड्रॅक्युला' ही कादंबरी रोजनिश्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि फोनोग्राफवरील नोंदी यांची गुंफण आहे. ड्रॅक्युलाला स्वतःचे निवेदन नाही. त्याच्याविषयीचे सारे ज्ञान त्याच्या विरोधकांनी जमवलेले आहे. म्हणून या कादंबरीत ज्ञान कोण गोळा करतो आणि कोणापासून रोखतो, हा प्रश्न तिच्या रचनेतच अंतर्भूत आहे.

लूसी वेस्टेन्रा हिला एकाच दिवशी तीन पुरुष मागणी घालतात. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ती, मुलीला तिघांशीही लग्न का करता येऊ नये, असा थट्टेचा प्रश्न करते आणि लगेच स्वतःला आवरते. अनेक समीक्षकांनी या एका वाक्यात तिच्या पुढील शिक्षेचे बीज पाहिले आहे. ते योग्यच आहे. परंतु त्या थट्टेची पूर्तता ड्रॅक्युला करत नाही, डॉक्टर करतात, हे विसरता येत नाही. लूसीचे रक्त घटत असताना आर्थर, सिवर्ड, व्हॅन हेलसिंग आणि क्विन्सी या चार पुरुषांचे रक्त क्रमाने तिच्या शरीरात सोडले जाते. कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध लावण्यापूर्वीचा हा काळ आहे. त्यामुळे स्टोकर यांच्या वाचकांना त्यातील वैद्यकीय धोक्यापेक्षा त्याचा भावनिक अर्थ अधिक जाणवला असणार. रक्त दिल्याने लूसी आपली पत्नीच झाल्याची भावना आर्थर व्यक्त करतो. इतर तिघांनीही रक्त दिले आहे हे त्याला सांगू नये, अशी दक्षता व्हॅन हेलसिंग घेतात आणि अंत्यविधीनंतर या विसंगतीवर त्यांना अनावर हसू येते. लूसीला मात्र आपल्या शरीरात काय चालले आहे याची नीट कल्पना शेवटपर्यंत दिली जात नाही.

मौनाचा थेट परिणाम तिच्या आईच्या प्रसंगात दिसतो. आईचे हृदय दुबळे आहे म्हणून तिला काहीही कळू द्यायचे नाही असे ठरते. परिणामी खोलीतील लसणाच्या फुलांचा अर्थ तिला ठाऊक नसतो. मुलीला उग्र वासाचा त्रास होईल म्हणून ती मायेने फुले काढते आणि खिडकी उघडते. लूसीचा घात येथे स्त्रीच्या कामुकतेने झालेला नाही. तिच्या आईला जपण्याच्या नावाखाली अज्ञानात ठेवल्याने झाला आहे.

मृत्यूनंतर लूसी हॅम्पस्टेडमध्ये लहान मुलांना भुलवून नेऊ लागते. स्त्रीने मुलाला पाजावे या अपेक्षेची ही उलटापालट आहे. पुढे थडग्यात आर्थर खुंटा ठोकतो आणि इतर तिघे प्रार्थनेसह साक्षी राहतात. हा प्रसंग सिवर्डच्या रोजनिशीत नोंदला आहे. वधानंतर लूसीच्या चेहऱ्यावर पूर्वीची निर्मळता परतल्याचे पुरुष नमूद करतात. बोलणारी, मागणी करणारी लूसी भयावह. निश्चल झालेली लूसी पवित्र, असा हा निवाडा आहे. खुंटा येथे धार्मिक साधन तर आहेच. पण तो स्त्रीच्या अर्थावर शिक्कामोर्तब करणारी लेखणीही आहे.

मीना : जाणणारी स्त्री

मीना हार्कर ही लूसीची मैत्रीण शाळेत साहाय्यक शिक्षिका होती. ती लघुलिपी जाणते, टंकलेखन करते, आगगाड्यांची वेळापत्रके तिला पाठ आहेत. 'नव्या स्त्री'विषयी ती थट्टेने बोलते. पण त्या स्त्रीची कौशल्ये तिच्याजवळ आहेत. सर्व रोजनिश्या कालक्रमाने लावून त्यांची टंकलिखित प्रत तीच तयार करते. ही कादंबरी वाचकाच्या हाती येते ती मीनाच्या श्रमातून. तिला पुरुषाचा मेंदू आणि स्त्रीचे हृदय लाभले आहे, अशी व्हॅन हेलसिंग तिची प्रशंसा करतात. त्या प्रशंसेत बुद्धी ही पुरुषाचीच असे गृहीत आहे.

कागदपत्रे जुळवून होताच पुरुष ठरवतात की यापुढील काम स्त्रीच्या नाजूक मनाला पेलणारे नाही. तिला काही सांगू नये. मीना दुखावते, पण शौर्याच्या त्या अटीला मान तुकवते. नेमक्या याच काळात ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोहोचतो. ती फिकट आणि थकलेली दिसते. जोनाथन ते पाहतो आणि ताण असह्य झाला म्हणून तिला वगळले ते बरेच केले, असा अर्थ लावतो. लूसीची हीच लक्षणे नुकतीच पाहिलेले पुरुष मीनाची लक्षणे ओळखत नाहीत. त्यांच्या अज्ञानाचे कारण माहितीचा अभाव नव्हे; स्त्रीविषयीचे गृहीतक माहितीच्या आड आले आहे. दोन्ही बाजू रोजनिश्या वाचत राहिल्या असत्या, तर पुढचा प्रसंग टळण्याची शक्यता होती.

तो प्रसंग म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी मीनावर झालेला हल्ला. शेजारी पती बेशुद्ध पडला आहे आणि ड्रॅक्युला मीनाचे हात एका हाताने धरून, मान दाबून तिला आपल्या छातीवरील जखमेतील रक्त पिण्यास भाग पाडतो. या दृश्यात स्तनपान, संभोग आणि दीक्षाविधी यांच्या छटा एकवटल्या आहेत, हे समीक्षकांचे निरीक्षण मान्य करावे लागते. पण त्यातील मुख्य क्रिया बळजबरीची आहे. मीनाने स्वतः दिलेला वृत्तान्त तसाच वाचायला हवा. आपल्याला प्रतिकाराची इच्छाच झाली नाही, असेही ती त्यात सांगते. यातून तिची सुप्त संमती सिद्ध होते असे मानणारे वाचन, पीडितेच्या सुन्नपणाला होकार समजण्याची चूक करते. इच्छाशक्ती हिरावून घेणे हाच तर व्हँपायरच्या हिंसेचा प्रकार आहे.

यानंतर गटात मौनाचा करार मोडतो. पुढे काही काळ मीनाला योजनांपासून दूर ठेवले जाते. परंतु या वेळी धोका ओळखून तशी सूचना ती स्वतः करते. निर्णय तिचा असतो. पहाटे आणि सूर्यास्ताला आपल्याला संमोहित करावे, ही कल्पनाही तिचीच. अखेर ड्रॅक्युला कोणत्या नदीमार्गाने परतत असेल, याचा अचूक तर्क तीच लेखी स्वरूपात मांडते. मीनाला कळू लागते तेव्हाच पाठलाग यशस्वी होतो.

पुरुषाचे भय

या कादंबरीत स्त्रीच केवळ भयभीत आहे असे नाही. ट्रान्सिल्व्हेनियातील किल्ल्यात अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पडून राहिलेला, तीन स्त्रियांच्या दंशाची भीती आणि इच्छा एकदमच अनुभवणारा जोनाथन हा पहिला बळी आहे. परंपरेने स्त्रीसाठी राखलेली निष्क्रियता येथे पुरुषाच्या वाट्याला येते. त्या स्त्रियांना हुसकून ड्रॅक्युला जोनाथनवर आपला हक्क सांगतो. परंतु तो हक्क पुढे वाचकासमोर बजावला जात नाही. क्राफ्ट यांचे विवेचन या ठिकाणी विशेष पटते. पुरुषाने पुरुषाला दंश करण्याची शक्यता कादंबरी सूचित करते आणि मग सारे दंश स्त्रीदेहाकडे वळवते.

त्या काळातील कायद्याचा संदर्भ येथे उपयुक्त ठरतो. इंग्लंडमधील १८८५ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने मुलींच्या संमतीवयाची मर्यादा तेरावरून सोळा वर्षांवर नेली. त्याच कायद्यातील एका कलमाने पुरुषापुरुषांतील लैंगिक वर्तन सरसकट गुन्हा ठरवले. त्याच कलमाखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांना शिक्षा झाली. 'ड्रॅक्युला' प्रसिद्ध झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. स्त्रियांमधील प्रेमाविषयी मात्र तो कायदा काहीच बोलत नाही. कार्मिला आणि लॉरा यांच्या नात्याला कायद्यात शिक्षा नव्हती, कारण त्याला अस्तित्वच नव्हते. १८६४ पासूनच्या संसर्गजन्य रोगविषयक कायद्यांनी ठरावीक लष्करी व बंदर वसाहतींत वेश्या असल्याचा संशय असलेल्या स्त्रियांची सक्तीने तपासणी चालवली होती. पुरुषांना ती लागू नव्हती. इंग्लंडमध्ये हे कायदे १८८६ मध्ये रद्द झाले. तसाच कायदा १८६८ मध्ये हिंदुस्थानातही करण्यात आला होता. रक्तातून पसरणारी विकृती आणि तिचे वाहक म्हणून पाहिलेला स्त्रीदेह, ही 'ड्रॅक्युला'ची कल्पना या वातावरणात वाचकांना परकी वाटली नसणार.

स्त्रियांच्या ज्ञानाविषयीची एक बारीक नोंदही येथे महत्त्वाची आहे. किल्ल्याकडे निघालेल्या जोनाथनच्या गळ्यात बिस्ट्रिट्झ येथील खाणावळीची वृद्ध मालकीण जपमाळेचा क्रूस घालते. प्रॉटेस्टंट वकिलाला ती अंधश्रद्धा वाटते. पण नकार देणे असभ्यपणाचे म्हणून तो क्रूस ठेवतो. दाढी करताना कापल्यावर झडप घालणाऱ्या ड्रॅक्युलाला तोच क्रूस मागे हटवतो. आयँथीपासून या म्हातारीपर्यंत स्त्रियांना धोका आधी कळतो. आयँथीचे ऐकले गेले नाही. म्हातारीचे केवळ शिष्टाचार म्हणून ऐकले गेले.

उत्तरकालीन रूपांतरे

विसाव्या शतकात चित्रपटाने व्हँपायरचे रूप बदलले. मुर्नाऊ यांच्या 'नोस्फेरातू' (१९२२) मध्ये तो रोगराईसारखा विद्रूप होता. टॉड ब्राउनिंग यांच्या 'ड्रॅक्युला' (१९३१) मध्ये बेला लुगोसी यांनी त्याला मोहक सभ्यता दिली. ॲन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' (१९७६) या कादंबरीत व्हँपायर स्वतः बोलू लागला. स्टोकर यांनी नाकारलेले निवेदन त्याला मिळाले आणि भयाची जागा शोकाने घेतली.

प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ज्युएल गोमेझ यांची 'द गिल्डा स्टोरीज' (१९९१) ही कृती अधिक महत्त्वाची आहे. तिची कृष्णवर्णीय नायिका १८५० मधील लुइझियानात गुलामगिरीतून पळालेली मुलगी आहे. येथील सज्जन व्हँपायर प्राण न घेता रक्त घेतात आणि त्याच्या बदल्यात निद्रिस्त माणसाला त्याला हवे असलेले काही देऊन जातात. देवाणघेवाणीची नीती येथे दंशालाच जोडलेली आहे. याउलट स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' (२००५) मध्ये संयमी नायक नायिकेच्या नकळत रात्री तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत राहतो आणि ते प्रेमाचे लक्षण म्हणून सादर होते. दंश टळतो, पण न सांगण्याचा जुना अधिकार शाबूत राहतो. भयकथा प्रेमकथा झाली म्हणजे ती स्त्रीला अधिक मोकळीक देणारी झाली असे नव्हे, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी हाती येतात. पहिली, १८१९ ते १८९७ या काळातील या तीन प्रमुख व्हँपायरकथांत स्त्रीचा बळी जाण्यापूर्वी तिच्यापासून किंवा तिच्या निकटवर्ती स्त्रीपासून माहिती लपवली गेल्याचे किंवा तिचा इशारा डावलला गेल्याचे दिसते. शपथ, आतिथ्य, वैद्यकीय दक्षता आणि शौर्य ही त्या लपवणुकीची सभ्य नावे आहेत. दुसरी, या कथांत इच्छा आणि हिंसा जवळजवळ येत असल्या तरी त्या एक नाहीत. लॉराची ओढ आणि मीनावरील बळजबरी यांना एकाच सूत्रात बसवणे संहितेशी आणि वाचकाशीही अन्याय करणारे आहे. तिसरी, या कथांचे निवेदक पितृसत्ताक निवाडा मान्य करत असले तरी कथांची रचना त्याविरुद्धचा पुरावा जपून ठेवते.

'ड्रॅक्युला'च्या शेवटी सात वर्षांनंतर लिहिलेल्या टिपणात जोनाथन नमूद करतो की आपल्याजवळ अस्सल म्हणावा असा कागद जवळपास उरलेला नाही. आहेत ती केवळ टंकलिखित पाने. त्याच टिपणात मीना आता मुलाची आई आहे आणि त्या मुलाला या मोहिमेतील पुरुषांची नावे दिली आहेत. कुटुंबव्यवस्था पूर्ववत झाल्याचा हा निर्वाळा आहे. परंतु ज्या पानांवर हा सारा इतिहास उभा आहे ती पाने टंकयंत्रावर बसून मीनाने तयार केलेली आहेत. वर्गात ही कादंबरी शिकवताना खुंट्याइतकेच त्या टंकयंत्राकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधले गेले पाहिजे.